सटवीचा लेख आणि टाचेचे रक्त

मूल जन्मल्यानंतर सहाव्या रात्री सटवी येते आणि त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, अशी आपल्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. विलायतेत आज त्याच सुमारास, बहुधा पाचव्या दिवशी, अर्भकाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे काही थेंब कागदावर टिपून घेतात. त्या थेंबांतून ज्या व्याधींचा माग काढला जातो, त्यांत २००७ पासून तेथे सर्वत्र सिस्टिक फायब्रोसिसचाही समावेश आहे. ज्या बाळाचे कपाळ चुंबन घेताना खारट लागते ते अल्पायुषी, अशी युरोपात जुनी समजूत होती. न्यूयॉर्कमधील उष्णतेच्या लाटेत या रोगाची मुले कोलमडताना पाहून डॉ. पॉल दि सांताग्नेसे यांनी त्या खारटपणाचा शोध घेतला आणि १९५३ साली या मुलांच्या घामातून अतोनात मीठ जाते हे दाखवून दिले.

रोगाचे मूळ सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकात आहे, हे १९८९ साली उमगले. माता आणि पिता दोघेही सदोष जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक गर्भारपणी मूल रोगी निपजण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः मात्र धडधाकट असतात. रोगी मुलाच्या शरीरातील स्राव चिकट होतात, फुप्फुसे वारंवार विकारग्रस्त होतात आणि स्वादुपिंडाचा रस आतड्यात न उतरल्याने खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

लवकर निदानाने काय साधते? अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९८५ पासून याची परीक्षा झाली. निम्म्या अर्भकांचे निष्कर्ष पालकांना तत्काळ कळविण्यात आले. उरलेल्यांचे निष्कर्ष, पालकांनी होऊन विचारले नाही तर, मूल चार वर्षांचे होईपर्यंत राखून ठेवले गेले. ज्यांचे निदान आधी झाले त्या मुलांचे पोषण व वाढ सरस ठरली, हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. २०१० पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत ही तपासणी सुरू झाली. इतर मुलांना ज्ञानापासून वंचित ठेवून मिळविलेला हा पुरावा आहे. तो डोळ्यांसमोर असताना पुन्हा तीच वंचना आपल्या मुलांच्या वाट्याला का यावी?

हा गोऱ्यांचा रोग, असे म्हणून आपल्याकडे त्याची बोळवण होते. परिणामी खोकणाऱ्या, खंगणाऱ्या मुलावर कधी क्षयाचा, कधी दम्याचा, तर कधी कुपोषणाचा शिक्का बसतो. आमच्या किनारपट्टीवरील चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात धडधाकट माणूसही घामाघूम होतो. मग ज्याच्या घामातून मीठच वाहून जाते, त्या बालकाची काय गत होत असेल! मात्र परक्यांची तपासणी जशीच्या तशी उचलूनही भागणार नाही. युरोपात सर्रास आढळणारा जनुकदोष भारतीय रुग्णांत त्या मानाने कमी दिसतो. तेवढ्याच दोषांच्या यादीवर विसंबलो, तर आपली मुले निसटून जातील.

२००८ साली गोवा सरकारने नवजात अर्भकांच्या तपासणीची योजना सुरू केली, तेव्हा देशात तो उपक्रम अग्रेसर होता. ती दृष्टी कायम राहावी, एवढेच आमचे मागणे नाही. तपासणी हे राज्याने मातेला दिलेले वचन आहे. टाचेच्या रक्ताने संशय तेवढा कळतो, आणि पहिल्या चाचणीत संशयित ठरलेली बहुतेक मुले पुढे निरोगी निघतात. म्हणून घामाची खात्रीशीर चाचणी हाताशी हवी. नाहीतर घरोघर नुसती धास्ती वाटल्यासारखे होईल. २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या औषधाची तेथील छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात होती. पण पाचकरस, जादा मीठ, छातीचे व्यायाम आणि वेळीच दिलेली प्रतिजैविके एवढ्यानेही आयुष्य सावरते. ते पुरविणे राज्याला अशक्य नाही.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. हा दोष दोन्ही कुळांकडून येतो. चाचणीचा कागद हाती घेऊन कोणी सुनेला पांढऱ्या पायाची ठरवू लागला, तर ते विज्ञान नव्हे, जुनीच क्रूरता होय. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाला समजावून सांगणारा जाणता माणूस नेमणे, हेही तपासणीचेच अंग मानले पाहिजे.

सटवीचा लेख पुसता येत नाही, असे आपण म्हणत आलो. तो वेळेवर वाचता येतो, एवढे आता सिद्ध झाले आहे. वाचूनही स्वस्थ बसलो, तर दोष सटवीचा नव्हे, आपला असेल.