जरा आवाज कमी कराल का?

दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. पण फराळाचे ताट पुढे आहे, घरची मंडळी जमली आहेत आणि 'एकदा सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जाऊ' असे कुणीतरी म्हणालेच असेल. तेव्हा हे भांडण आजच केलेले बरे.

गेल्या माघात आमच्या अण्णांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. धाकटा भाऊ दादरला असतो. त्याने फर्मान काढले, "धाटावला काही करू नका, दादा. वहिनी दिवसभर चुलीपुढे आणि पाहुणे ओटीवर, हे पुरे झाले. इकडेच या." मला ते मनापासून पटले. 'घरच्या जेवणाची सर हॉटेलला नाही' असे सांगत फिरणाऱ्या संस्कृतिरक्षकांना मी एवढेच विचारतो, की तुमच्या घरी शेवटच्या पंगतीला कोण बसते? माझ्या आईने सगळ्यांबरोबर बसून गरम पोळी खाल्ली ती हॉटेलातच. तेव्हा मी हॉटेलचा शत्रू नव्हे, कैवारी आहे.

रोह्याहून दिव्याची गाडी धरली, पुढे लोकल. हॉटेल पुतण्याने फोनवरची छायाचित्रे पाहून ठरवले होते. दिवे सुंदर, खुर्च्या सुंदर. तिथे एकमेकांचे बोलणे ऐकू येते का, हे कुणीही विचारले नाही. मीही नाही, आणि मला तर ते सुचायलाच हवे होते. अण्णांनी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तीस वर्षे यंत्रांशेजारी काढली. त्यांचे कान तिथेच राहिले.

रविवार, रात्रीचे आठ. डोक्यावर कर्णा, कर्ण्यात ढोलकासारखे काहीतरी. भावाचा सहा वर्षांचा नातू-वेडा मुलगा (आजोबांचा वेडा, म्हणायचे ते हे!) त्यांच्याजवळ सरकला आणि विचारले, "आजोबा, तुम्ही लहानपणी नदीत पोहायचात का?" अण्णा म्हणाले, "हो हो, गोड आहे. अजून थोडी वाढ." सगळे हसले. अण्णाही हसले. मग जेवण संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. ज्यांच्यासाठी हा घाट घातला होता ते ताटाकडे पाहत बसले होते. मी मॅनेजरकडे जाऊन आवाज कमी करण्याची विनंती केली. तो सौजन्याने म्हणाला, "साहेब, गिऱ्हाइकांना हेच आवडते."

कुठल्या गिऱ्हाइकांना? वय झाले, की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. बोलणारा माणूस दिसतो, स्वर कानी पडतो, पण स, श, फ ही अक्षरे गळून जातात. गलक्यातून एकच आवाज वेगळा काढणे तर आणखी कठीण. कानातले यंत्र बोलण्याबरोबर गलकाही मोठा करते. शिवाय गलका गलक्याला जन्म देतो. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिले, की भोवती आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. गाणे मोठे म्हणून हे टेबल ओरडते, हे ओरडते म्हणून ते ओरडते. गुळगुळीत फरशी आणि काचेच्या भिंती ते सगळे परत आपल्याच ताटात वाढतात.

कायदा तरी काय करणार? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम व्यापारी भागाला दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा घालतात, पण ती बाहेरच्या हवेची. कारखान्यातल्या कामगाराला आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. श्रीखंड खाणाऱ्या म्हाताऱ्याच्या कानाला वाली कुणीच नाही.

जुने ते सोने असे मी म्हणत नाही. इराण्याकडे ज्यूकबॉक्स होता, उडुप्याकडे पेल्यांचा खणखणाट. माटुंग्याचे रामा नायकांचे उडुपी १९४२ पासून केळीच्या पानावर उत्तम जेवू घालते, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला आधी तिथला जिना चढावा लागतो. सर्वगुणसंपन्न हॉटेल असे नसतेच. म्हणून तर पदार्थांच्या आधी माणसांची यादी करावी. कोण कमी ऐकते, कोणाला जिना नको, कोणाला दर तासाला उठावे लागते. आठऐवजी साडेसहाला जावे, रविवारऐवजी मंगळवारी. म्हाताऱ्या माणसाची पाठ भिंतीकडे आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड. कान थकले, की माणूस ओठ वाचतो. शक्य तर गोल टेबल. आणि आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट विचारावे, "गाणी बंद ठेवाल का?" नाही म्हणाले, तर दुसरे हॉटेल.

यात भीड कसली? हॉटेलाने बिलात सेवाशुल्क परस्पर लावू नये, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली बजावले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. ते शुल्क वगळा म्हणून सांगायला आमची तरुण मंडळी कशी तरतरीत उभी राहतात! चार रुपयांसाठी सुटणारी जीभ आजोबांसाठी का अडखळते? पुतण्या म्हणतो, शांत हॉटेल म्हणजे सुतकी हॉटेल. बाळा, आनंदाला आवाज असतो हे खरे, पण तो जेवणाऱ्यांचा असावा.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. पेण गेल्यावर अण्णांनी विचारले, "काल तो पोर मला काय विचारत होता रे?" मी कानाशी तोंड नेऊन सांगितले. अण्णा खिडकीकडे सरकले आणि सांगू लागले. भिऱ्याच्या वीजघराचे पाणी सुटले, की कुंडलिका कशी चढायची, पोरे कोणत्या खडकावरून उड्या टाकायची, तळाचे गोटे कसे स्वच्छ दिसायचे. कासू गेले, नागोठणे गेले, निडी आली, तरी त्यांचे संपले नव्हते. पोर दादरला शाळेत होते.