जिनिव्हात भारत गप्प का?

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेवर भारत पुन्हा निवडून आला आहे. १ जानेवारी २०२६ पासून २०२८ अखेरपर्यंत ४७ सदस्यांच्या या परिषदेत आपल्याला मत आहे. याच काळात एका महत्त्वाच्या पदाची मुदत संपते. लैंगिक कल आणि लिंगओळख यांमुळे होणारा हिंसाचार व भेदभाव यांकडे लक्ष ठेवण्यासाठी परिषदेने २०१६ मध्ये एक स्वतंत्र तज्ज्ञ नेमला. या पदाला दर तीन वर्षांनी मुदतवाढ घ्यावी लागते. ती २०२५ मध्ये मिळाली, म्हणजे पुढचे मतदान २०२८ मध्ये. त्या वेळी भारताने काय करावे हे आतापासूनच मांडायला हवे, कारण आजवर असे मतदान समोर आले की आपला प्रतिनिधी तटस्थ राहिला आहे. २०१६, २०१९ आणि २०२२ या तिन्ही वेळा हेच घडले. त्याआधी २०१४ मध्ये या विषयावरचा ठराव आला, तेव्हाही आपण तटस्थच होतो.

२०१६ मधल्या तटस्थतेला निदान एक कारण होते. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्याने भूमिका घेता आली नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले होते. पण ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला आणि सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द झाले. दहा महिन्यांनी, जुलै २०१९ मध्ये, जिनिव्हात पुन्हा मतदान झाले. कारण उरले नव्हते, तरी मत तेच राहिले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जे मूलभूत हक्क म्हणून मान्य केले, ते जगासमोर मान्य करायला सरकार का कचरते, याचा खुलासा नागरिकांना मिळालेला नाही. आणि आपण नेहमीच तटस्थ होतो असेही नाही. मार्च २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना मिळणारे लाभ बंद करण्याचा प्रस्ताव रशियाने आणला. ८० विरुद्ध ४३ मतांनी तो फेटाळला गेला. त्या ४३ मतांत एक मत भारताचे होते. ही नोंद पुसायची तर ती मतानेच पुसावी लागेल.

एका तज्ज्ञाने असे काय होते, असा प्रश्न विचारला जातो. त्याच्या हाती पोलीस नाहीत, न्यायालय नाही, दंड करण्याचा अधिकार नाही. तो सरकारांना पत्रे लिहितो, निमंत्रण असेल तिथे जाऊन पाहणी करतो, अहवाल परिषदेपुढे ठेवतो. पण ज्याच्या देशात तक्रार घेऊन पोलीस चौकीत गेले तर तक्रारदारालाच अटक होते, त्याच्यासाठी ही पत्रे फार मोलाची असतात. युगांडाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात काही प्रकारच्या समलिंगी संबंधांना थेट मृत्युदंड आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने त्या कायद्याचा बहुतांश भाग कायम ठेवला. त्याच महिन्यात इराकच्या संसदेने समलिंगी संबंधांसाठी १० ते १५ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद केली. जगात आजही साठहून अधिक देशांत असे संबंध गुन्हा ठरतात. तिथल्या माणसाला देशाबाहेरचा आवाज हवा असतो, आणि तो आवाज टिकणार की नाही हे मोजक्या मतांवर ठरते. २०१६ मध्ये हे पद २३ विरुद्ध १८ मतांनी निर्माण झाले, सहा देश तटस्थ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमसभेच्या समितीत ते रोखण्याचा प्रयत्न झाला, तो ८४ विरुद्ध ७७ मतांनी कसाबसा फसला.

आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे हे फळ आपणही चाखले आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात समलिंगी संबंध गुन्हा होता. निकोलस टूनेन या तिथल्या कार्यकर्त्याने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली, आणि १९९४ मध्ये समितीने हा कायदा खासगीपणाच्या हक्काचा भंग करतो असे ठरवले. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्यानुसार कायदा केला, टास्मानियाने १९९७ मध्ये आपले कलम काढले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये नाझ फाउंडेशन प्रकरणात ३७७ वर पहिला मोठा प्रहार केला, तेव्हा टूनेन प्रकरणाचा आधार घेतला होता. २०१४ च्या ‘नाल्सा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या प्रकरणात न्यायालयापुढे उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा न्यायालयाने इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात २००६ मध्ये लैंगिक कल व लिंगओळखीविषयी तयार झालेल्या तत्त्वांचा दाखला दिला आणि मूलभूत हक्कांशी सुसंगत असतील तिथवर ती स्वीकारली. बाहेरून आलेले बळ आपल्या न्यायालयांनी उघडपणे घेतले. तेच बळ दुसऱ्यांना द्यायची वेळ आली की सरकार हात आखडते. हे अन्याय्य आहे.

हा पाश्चात्त्यांचा अजेंडा आहे, हा आक्षेप तर इतिहासालाच धरून नाही. कलम ३७७ हे १८६० च्या भारतीय दंड संहितेतले, ब्रिटिशांनी लादलेले. त्याच साच्यातली कलमे आफ्रिका आणि आशियातल्या वसाहतींत गेली, युगांडात आणि श्रीलंकेतही. उलट मानवी हक्क परिषदेत या विषयावरचा पहिला ठराव २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आणला. २०१६ चा ठराव अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको आदी सात लॅटिन अमेरिकी देशांनी मांडला. पहिला तज्ज्ञ थायलंडचा होता, सध्याचा दक्षिण आफ्रिकेचा आहे. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच लैंगिक अल्पसंख्याकांना समान हक्क द्या असे सरकारला बजावले होते. ‘ग्लोबल साउथ’चे नेतृत्व सांगणाऱ्या भारताला या रांगेत उभे राहायला संकोच वाटण्याचे कारण नाही. मत दिले की समलिंगी विवाह मान्य करावा लागेल, ही भीतीही निराधार आहे. तज्ज्ञाचे काम हिंसाचार आणि भेदभावापुरते आहे.

आज या हक्कांची बाजू घेणारे बलाढ्य देशही मागे सरकत आहेत. अमेरिकेने २०२५ च्या सुरुवातीला परदेशी मदत थांबवली, तेव्हा हैदराबादबरोबर पुणे आणि कल्याण इथली तृतीयपंथीयांसाठीची मित्र क्लिनिक्स बंद पडली. हार्मोन उपचार, एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन अपमानाशिवाय मिळणारी ती ठिकाणे होती. एका देशाच्या लहरीवर आपल्या नागरिकांचे आरोग्य अवलंबून होते, हेच मुळात चूक. तो खर्च राज्य आणि केंद्र सरकारने आपल्या अर्थसंकल्पातून उचलावा.

आंतरराष्ट्रीय दाद मागण्याचे एक दार मात्र आपण स्वतःच बंद ठेवले आहे. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण व्यक्तीला थेट मानवी हक्क समितीकडे तक्रार करू देणारा त्याचा पूरक करार स्वीकारला नाही. टूनेन यांनी जी वाट धरली ती म्हणूनच भारतीय नागरिकाला उपलब्ध नाही. श्रीलंकेने महिलांविषयीच्या कराराखाली अशी वाट मोकळी ठेवली आहे. त्यामुळेच तिथल्या कार्यकर्त्या रोझाना फ्लेमर-काल्डेरा यांना संबंधित समितीकडे जाता आले, आणि २०२२ मध्ये समितीने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे श्रीलंकेचे कलम स्त्रियांच्या हक्कांचे उल्लंघन करते असा निर्णय दिला. कलम अजून गेलेले नाही, पण सरकारला उत्तर द्यावे लागले.

परराष्ट्र मंत्रालयाने दोन गोष्टी कराव्यात. २०२८ च्या मतदानात मुदतवाढीच्या बाजूने मत देण्याचा निर्णय आधीच जाहीर करावा आणि पूरक करार स्वीकारण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे न्यावा. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. २०१९ आणि २०२२ मध्ये तटस्थ राहण्याच्या सूचना कोणत्या कारणाने दिल्या गेल्या, हे त्यांपैकी कोणीही येत्या अधिवेशनात लेखी प्रश्न टाकून विचारू शकतो. तो प्रश्न विचारला जावा.