आठवीत किती मुली उरल्या?

मे महिना आला की मला हमखास विचारलं जातं, "ताई, पाचवीनंतर मुलीला कुठं घालावं? झेडपीची शाळा चांगली की ती पिवळ्या बसवाली?" छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड असो, पैठण असो की सिल्लोड, आया शाळांची तुलना करतातच. पण ती करायची कशावरून?

बहुतेकजणी निकाल बघतात. मात्र २०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. सहावी-सातवीत अजूनही नापास करत नाहीत. मग 'निकाल शंभर टक्के' या फलकाचं कौतुक किती करायचं? आठवीतल्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचंही तसंच. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, गरीब घराला मोठाच आधार. पण एका शाळेने निवडक दहा मुलं बसवली आणि दुसरीने अख्खा वर्ग, तर टक्केवारी पहिलीचीच चांगली दिसणार. शिकवलं जास्त कुणी?

म्हणून मैत्रिणींनो, माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. तीन वर्षांपूर्वी पाचवीत असलेल्या मुलींपैकी आज आठवीत किती आहेत? गळतीची कारणं आपल्याला पाठ आहेत. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारं कुटुंब, घरातलं धाकटं भावंड, गावात न मिळणारा पुढचा वर्ग. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण शाळेच्या वेळेला गाडी नको का? शिवाय शाळा सुटली की लग्नाची घाई होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर १०० जणींमागे जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. अशा मुलींना जी शाळा आठवीपर्यंत धरून ठेवते, तिचे चार गुण कमी असले तरी माझ्या लेखी तीच वरचढ.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांसाठी निदान एकेक शिक्षक हवा, असं कायदाच सांगतो. पट घसरला की पद जातं, पद गेलं की पालक मुलं काढतात, आणि पट आणखी घसरतो. तेव्हा कमी गुणांचं खापर हजर असलेल्या गुरुजींवर फोडण्याआधी रिकाम्या खुर्च्या मोजा.

आपल्याच जिल्ह्यातल्या गाडिवाट गावाची जिल्हा परिषद शाळा २०२० मध्ये देशभर गाजली. तिथली चौथी ते आठवीची मुलं चक्क जपानी शिकत होती! म्हणजे सरकारी शाळा म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. शाळा-शाळांत फरक असतो, तो ओळखता आला पाहिजे.

तो ओळखायचा हक्क आपल्याकडे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण कितीजणी नुसती सही करून परत येतात! जूनच्या बैठकीत तीनच आकडे मागा: पाचवीला किती होत्या, आठवीत किती उरल्या, शिक्षकांची किती पदं रिकामी? शेजारच्या गावातल्या मैत्रिणीलाही तेच विचारायला सांगा. खरी तुलना तिथून सुरू होईल.