गळ टाकण्याआधी तिथी पाहा

सुगी आटोपली की आपल्यातल्या बऱ्याच घरांची तरणी पोरे कामाच्या शोधात मुंबईला येतात, लालबाग-परळला नातेवाइकांच्या खोलीवर उतरतात. काम लगेच मिळतेच असे नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला होता. ते दिवस पाहिलेल्या घरांना रिकामा खिसा समजावून सांगायला नको. अशा वेळी दादर किंवा गिरगावच्या चौपाटीवरून कालवणापुरती मासळी धरून आणावी, असे कुणाच्याही मनात येईल.

साहित्य साधेच लागते. रिकाम्या डब्यावर तंगूस गुंडाळा, टोकाला वजन म्हणून लोखंडी नट बांधा, त्याच्या वितभर वर गळ. गळ नसेल तर सेफ्टी पिन वाकवून काम भागते. पण तिला उलटा काटा नसतो, म्हणून मासा लागल्यावर दोरी क्षणभरही सैल सोडू नका. आमिषाला कोळंबीचा तुकडा बरा. आपल्या नदीवर चालणारी कणकेची गोळी इथे लाटेत विरून जाते.

खरी मेख आहे ती भरतीची. पण तिचा जुना हिशेब सोपा आहे, आणि पंचांग तर आपल्या घरी असतेच. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जो आकडा येईल त्या वाजता मुंबईत भरती पूर्ण होते, दिवसा आणि रात्रीही. म्हणजे चतुर्थीला 3, अष्टमीला 6. तासभर मागेपुढे धरा. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट भरतीत बुडते, ती अशीच. ओहोटीत खडकावर पुढे गेलेल्या माणसाच्या पाठीमागची खळगी आधी भरते आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून पाणी वळले की तुम्हीही वळा. थंडीच्या रात्री, भिजल्या अंगाने, एकट्याने तर बसूच नका.

मिळेल ते सगळे खाऊ नये. शहराचे सांडपाणी समुद्रात जाते आणि कालवे, शिंपल्या तेच पाणी गाळून जगतात. चौपाटीवरच्या घरी आणल्या तर कावीळही घरी येईल. नाल्याच्या तोंडाशी गळही टाकू नये. अंग फुगवणारा केंड मासा तर विषारीच, कितीही शिजवला तरी.

आणखी एक, पाकट. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना तिचा काटा लागला. लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि के. ई. एम. किंवा नायर रुग्णालय गाठा. पाण्यात उतरावेच लागले, तर पाऊल न उचलता वाळूत घासत चाला. चाहूल लागली की पाकट आपणहून सरकते.