कुरुंदवाडच्या चिखलात किती एचपी?

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की शिरोळ तालुक्यात पहिला प्रश्न एचपीचा. पस्तीस की पंचेचाळीस? शेजाऱ्याकडे पंचेचाळीसचा असेल तर आपल्याला पन्नासचाच हवा. अलीकडे त्यात ‘फोर बाय फोर की साधा’ याची भर पडली आहे. आपलं रान किती आणि ते कसलं, हे मात्र बँकेचा पहिला हप्ता आला की आठवतं.

ताकद मोजून ऐपत ठरवण्याची खोड जुनीच. विहिरीवर किती मोटा चालतात आणि दावणीला किती बैल आहेत, यावरून पूर्वीही घर तोललं जाई. पण त्या व्यवहारात एक शहाणपण होतं. काळं रान खोल उलथायला सहा-आठ बैलांचा नांगर लागे आणि तेवढे बैल एका घरी क्वचित असत. मग सावड व्हायची, आज तुझं रान तर उद्या माझं. कोळपणीला घरची जोडी पुरायची. सतत ओढताना एका जोडीची ताकद साधारण एका हॉर्सपॉवरच्या आतबाहेर भरते. म्हणजे आठबैली नांगर जेमतेम चार एचपीचा. आजचा साधा पॉवर टिलरही त्याहून दांडगा आहे.

1903 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी त्याला हात लावेनात. पुढे 1910 साली औंध संस्थानच्या आश्रयाने कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि कृष्णाकाठाला यंत्राची ओळख झाली. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. इंजिन आलं तशी मोट गेली. शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणाचं पाणी भोगावतीतून पंचगंगेत येऊ लागलं, तेव्हा नदीवरून पाणी उचलायला दांडगे पंप लागले. ते एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या. पंप सगळ्यांचा, पाणी पाळीने. कोल्हापूर जिल्ह्याचा ऊस या सामाईक पंपांवर वाढला. सावडीचंच ते नवं रूप होतं, असं मी मानतो.

ट्रॅक्टरने मात्र ही वाट सोडली. 1959 साली फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर निघाला, 1963 साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली. पुढे एचएमटीचा 2511 आला तो पंचवीस एचपीचा. त्या पिढीने एवढ्याच ताकदीवर नांगरटही केली आणि वऱ्हाडही नेलं. नंतरच्या पन्नास वर्षांत वाटण्या होत रानं लहान झाली आणि बॉनेटवरचे आकडे वाढत गेले.

हे आकडे तरी नीट वाचावेत. 2019 साली पोलारिस कंपनीने परदेशी शेतांवर धावणारी क्वाड बाइक भारतात चक्क ‘ट्रॅक्टर’ म्हणून रस्त्यावर आणली. इंजिन 567 सीसीचं, ताकद 34 एचपी. महिंद्राचा 575 मात्र 2730 सीसीतून 45 एचपी काढतो. सीसी जवळजवळ पाचपट, एचपी दीडपटही नाही. मग महिंद्रावाले अडाणी का? तसं नाही. क्वाडचं पेट्रोल इंजिन भन्नाट वेगाने फिरून आपली ताकद गाठतं. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन मिनिटाला दोनेक हजार फेऱ्यांतच ती देतं आणि नांगर ढेकळात अडला तरी बंद पडत नाही. सीसी, एचपी आणि ओढ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता त्यांतली सोयीची तेवढी सांगतो.

चौथी गोष्ट चाकाच्या पकडीची. 1939 साली हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी हायड्रॉलिक जोडणीचा लहानसा ट्रॅक्टर आणला. नांगराचा भार मागच्या चाकांवर येईल अशी त्याची रचना होती. हलकं यंत्र भारी काम करू शकतं, हे त्याने दाखवलं. अनेक देशांत आजही ट्रॅक्टरला अवजार जोडतात ते त्याच रीतीने.

कुरुंदवाडला तर पकडच सगळ्यात महत्त्वाची. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाशेजारचं हे गाव, 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी पिळून काढलेलं. पूर ओसरला की मळीच्या रानात गाळ साचतो आणि खोलवरची ओल हटत नाही. अशा रानात पन्नास एचपीचा दोनचाकी ओढीचा ट्रॅक्टर मागची चाकं गरगर फिरवत रुततो. पंचवीस एचपीचा चारही चाकांनी ओढणारा हलका ट्रॅक्टर निघून जातो. शिवाय जड ट्रॅक्टर ओल्या रानावरून गेला की माती दाबली जाते आणि निचरा बिघडतो. ज्या तालुक्यात क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली निचऱ्याचे पाइप घालावे लागले, तिथे हे जास्त सांगायला नको. आणि उसाच्या चार-साडेचार फुटी सरीत भरणीला जायचं तर अरुंद यंत्रच हवं.

मोठ्या इंजिनाचा खरा धनी वेगळा आहे. हंगामात दोन ट्रॉल्या भरून ऊस कारखान्यावर नेणाऱ्याला पन्नास एचपी हवेत, वजन हवं आणि त्याहून जास्त चांगले ब्रेक हवेत. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरचा त्याला फारसा उपयोग नाही. उलट पुढची चाकं जोडून पळवली तर टायर घासतात. वाहतुकीच्या करारावर त्याचे हप्ते फिटतात आणि तो हिशेब रास्त आहे. फक्त त्याने घेतला तो ट्रक, हे ओळखून शेजाऱ्याने त्याची नक्कल करू नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो. वाफसा सगळ्यांच्या रानात एकाच आठवड्यात येतो, मग सामाईक ट्रॅक्टरची पाळी कुणाची? भरणीच्या, मशागतीच्या कामाला हे खरं आहे आणि म्हणूनच लहान यंत्र घरचं हवं. पण खोल नांगरटीचं तसं नाही. लावणीचा ऊस गेला की खोडवा आणि कित्येकदा निडवाही ठेवतात. म्हणजे दोन-तीन वर्षांत एकदाच ते रान तळापासून उलथायचं असतं, तेही उन्हाळ्यात, जेव्हा तारीख चार दिवस मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. तीन एकरवाल्याच्या पन्नास एचपीला आपल्याच रानात एवढंच काम. बाकीचे दिवस तो दारात उभा आणि कर्जाचं व्याज चालू. पाण्याची पाळी लावणाऱ्या संस्था गावोगाव आहेत, दप्तर आहे, सभासद आहेत. त्यांनी उन्हाळ्यात दोन मोठे ट्रॅक्टर आणि नांगर पाळीने फिरवायचं ठरवलं, तर पंचवीस एचपीचा फोर बाय फोर घेणाऱ्याला पारावर मान खाली घालायचं कारण उरणार नाही.