वहिनी, घर कुणाच्या नावावर आहे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या ग्रुपमधला एक मित्र अचानक गेला. पंचेचाळिशी नुकतीच ओलांडली होती. सगळे धावून गेले, डबे पोचले, पोरांना शाळेतून आणायच्या पाळ्या लागल्या. पंधरा दिवसांनी कागदपत्रं बघायची वेळ आली तेव्हा कळलं की घराच्या डीडवर वहिनींचं नावच नाही. मृत्युपत्र नाही, ट्रस्ट नाही. तेव्हापासून त्या प्रोबेट कोर्टाच्या खेपा घालतायत. ज्या घरात इतकी वर्षं राहिल्या, त्यात आपला हिस्सा किती ते ठरवून घ्यायला.

घरी येऊन मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "आपलं तसं नाही हं, आपलं घर दोघांच्या नावावर आहे." मग म्हटलं, एकदा बघून तरी घेऊ. बघितलं आणि तोंडावर पडलो.

आधी बघायचं कुठे ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. इथे कॅलिफोर्नियात घरांच्या डीड नोंदवायचं काम काउंटी रेकॉर्डरचं. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर कुणाचं नाव येतं त्यावर जाऊ नका, मालकी त्यावरून ठरत नाही. रेकॉर्डरच्या साइटवर एक इंडेक्स असतो: एका बाजूला देणारे (ग्रँटर), दुसऱ्या बाजूला घेणारे (ग्रँटी). पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना इंडेक्स टू माहीत असेल, त्याचाच हा चुलतभाऊ. आमच्या काउंटीत शोध नावावरून घ्यायचा, पत्त्यावरून नाही. नाव ही प्रायमरी की! प्रोग्रॅमर माणसाला भोवळ यायची वेळ. त्यात आपली नावं. मध्ये वडिलांचं नाव, कधी नुसतं अक्षर, बायकोचं माहेरचं आडनाव पासपोर्टवर आणि सासरचं बँकेत. कारकुनानं एक अक्षर इकडचं तिकडे टाइप केलं तर कागद असूनही सापडत नाही. मी चार प्रकारे स्पेलिंग टाकून शोधलं. साइटवर फक्त नोंद दिसते, कागदाची प्रत हवी तर ऑफिसात जाऊन पैसे भरायचे.

शेवटी सापडलं. २००९ सालातल्या एकाच दिवसाच्या, लागोपाठ नंबरांच्या तीन नोंदी. पहिली, विकणाऱ्याकडून मला. तिसरी, माझं कर्जाचं डीड ऑफ ट्रस्ट. आणि मधली? देणारी: माझी बायको. घेणारा: मी. कागदाचं नाव इंटरस्पाउझल ट्रान्सफर डीड. मजकूर दोन ओळींचा. या घरातला आपला सगळा हक्क तिने मला दिला, मोबदला काही नाही, यापुढे घर नवऱ्याची स्वतंत्र मालमत्ता.

मग आठवलं. टायटल कंपनीचं टेबल, वीतभर उंचीचा कागदांचा गठ्ठा, मांडीवर आठ महिन्यांची मुलगी. बायको तेव्हा एच-४ वर. नोकरीची परवानगी नाही, म्हणून उत्पन्न नाही, म्हणून लोन माझ्या एकट्याच्या नावावर. मधल्या माणसानं सांगितलं, "ही नुसती फॉर्मॅलिटी आहे." मी पेन पुढे केलं. तिने सही केली. दोघांनीही वाचलं नाही. ऑफिसात दहा ओळींच्या कोडला तीन जणांकडून रिव्ह्यू मागणारा मी, आयुष्यातल्या सगळ्यात महागड्या कागदावर न वाचता बायकोची सही घेतली.

खरी गोम अशी की लोनवर नाव असणं आणि डीडवर नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज एकाच्या पगारावर असलं तरी घर दोघांच्या नावावर असू शकतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही हे खरं. पण मी विचारलंही नाही, हे जास्त खरं.

मी हे चारचौघांत सांगायला लागलो तेव्हा नेहमीची उत्तरं आली. एकेक घेतो.

"अरे, हे कम्युनिटी प्रॉपर्टी स्टेट आहे, अर्धं तिचंच असतं." बरोबर. लग्नानंतरच्या कमाईतून घेतलेलं घर एरवी दोघांचं धरतात. म्हणूनच तर ती सही घेतात! तो कागद त्या नियमातून बाहेर पडण्यासाठीच असतो. लग्नानंतरच्या पगारातून हप्ते गेले म्हणून तिला कोर्टात काही वाटा मागता येतो, पण मागावा लागतो. वकील लावून, पुरावे काढून, आणि बहुधा आयुष्यातल्या सगळ्यात वाईट महिन्यांत.

"माझं ते तिचंच की." मग कागदावर यायला हरकत काय? मृत्युपत्र नसेल तर कॅलिफोर्नियाचा कायदा तुमचं प्रेम मोजत नाही. नवऱ्याची स्वतंत्र मालमत्ता असेल आणि दोन मुलं असतील, तर बायकोला एक तृतीयांश. उरलेलं सहावीतल्या आणि तिसरीतल्या पोरांचं. मूलबाळ नसेल आणि गावाकडे सासू-सासरे असतील, तर अर्धं त्यांचं.

"नाव घातलं तर बँक लोन परत मागेल, टॅक्स वाढेल." दोन्ही चूक. राहत्या घरात बायकोला मालक केलं म्हणून बँक कर्ज परत मागू शकत नाही, तसा १९८२ चा केंद्राचा कायदा आहे. आणि नवरा-बायकोतल्या हस्तांतरणानं इथे घराची टॅक्ससाठी नव्यानं किंमत लावत नाहीत.

आता मुद्द्याचं बोलतो. या कागदाचा भाऊ आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याचं नाव हक्कसोडपत्र. वडील गेले की बहिणींना गाडीत घालून रजिस्ट्रारकडे नेतात, "नुसती सही आहे गं" म्हणतात, आणि घरी आणून जेवायला वाढतात. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मजात हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, पण ही गाडी काही थांबली नाही. त्यावर आम्ही इथे बसून तावातावानं बोलतो. गावाकडचे लोक कसे मागासलेले. आणि आमच्या गराजमधल्या फाइलीत बायकोचं हक्कसोडपत्र पडलेलं असतं, फक्त इंग्रजीत.

रेकॉर्डर हे थांबवेल अशी आशा ठेवू नका. तो कागद नोंदवतो, मजकूर खरा की खोटा ते तपासत नाही. २००८ मध्ये न्यू यॉर्कच्या डेली न्यूज या वर्तमानपत्रानं हेच दाखवायला एम्पायर स्टेट बिल्डिंगची बनावट डीड दाखल केली. साक्षीदार म्हणून जुन्या किंग काँग सिनेमाची नायिका फे रे, नोटरी म्हणून नामांकित बँक दरोडेखोर विली सटन. दीड तासात काम फत्ते! दुसऱ्या दिवशी त्यांनी बिल्डिंग परत केली म्हणून बरं. जिथे हे खपतं तिथे तुमच्या बायकोनं सही समजून केली का, हे कोण विचारणार?

मी दुरुस्ती केली तेव्हा तोच अनुभव आला. माझ्याकडून आम्हा दोघांना अशी नवी इंटरस्पाउझल डीड केली. मालकीचा प्रकार: वारसाहक्कासह कम्युनिटी प्रॉपर्टी. २००१ पासून हा पर्याय इथे आहे, पण डीडवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. मग एक गेला तर घर प्रोबेटशिवाय दुसऱ्याचं होतं. प्लॉटचं कायदेशीर वर्णन जुन्या डीडवरून शब्दन् शब्द उतरवलं, पार्सल नंबर टाकला, नोटरीपुढे सही केली, मालकीबदलाचा फॉर्म जोडला. आणि कागद परत आला. का? पहिल्या पानावर वर उजवीकडे पाच इंच रुंद आणि अडीच इंच उंच जागा त्यांच्या शिक्क्यासाठी कोरी सोडायची असते, ती मी सोडली नव्हती. म्हणजे बायकोचं घर गेलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही, आणि परत देताना समास मोजले! दुसऱ्या खेपेला घेतला. सगळा खर्च एका कुटुंबाच्या रेस्टॉरंटमधल्या जेवणाइतका.

मी वकील नाही. तुमचं दुसरं लग्न असेल, धंद्याची देणी असतील, तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल, तर वकिलाला तासाभराचे पैसे द्या. पण आधी आपली डीड शोधा. त्याला वकील लागत नाही.

१९९० च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करून द्यायचा. कोरडवाहू शेती, डोक्यावर कर्ज, तरी हजारो शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं. आपल्याला एक फॉर्म भरायचाय, एसीत बसून.

तेव्हा वहिनी, हे तुम्हीच वाचत असाल तर त्याच्यावर सोपवू नका. आज शनिवार आहे. काउंटीची साइट उघडा आणि आधी देणाऱ्यांच्या बाजूला स्वतःचं नाव टाका, सगळ्या स्पेलिंगांनी. माझ्या बायकोनं टाकलं. स्क्रीनकडे बघत राहिली, आणि एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, मी घर घ्यायला सही करतेय."