पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये

परवा लंचला नेहमीचाच विषय निघाला. पगार झाला होता, स्लिपा आल्या होत्या. एक मित्र म्हणाला, "हे पीटीचे दोनशे कशाला कापतात रे? आपल्या पैशावर फुकट्यांना पोसायचं!" सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. ते बोलणं आज इथे.

तर मंडळी, पीटी म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ साली लावला, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. आणि ही योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्यांचं नाव आमच्या टेबलावरच्या आठ पदवीधरांपैकी एकालाही माहीत नव्हतं. वि. स. पागे.

पागे सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यसैनिक. १९६० ते १९७८, तब्बल अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. विधान परिषद म्हणजे पडलेल्या पुढाऱ्यांची सोय, असं आपण सर्रास म्हणतो. बऱ्याचदा खरंही असतं ते. पण सभापतीच्या हातात ना खातं, ना बजेट. तरी या माणसाने १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात प्रयोग करायला लावला: जो काम मागेल त्याला काम.

आता आमच्या घरचं सांगतो. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला जायची. सुकडी खाऊन, मिलोच्या भाकरी खाऊन दिवस काढले. पण ते दुष्काळी काम होतं. सरकारने काढलं तर मिळायचं, बंद केलं की घरी बसायचं. पागेंनी नेमकं हेच उलटं केलं. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. काम ही मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. पुढे आज्जी पाझर तलावाच्या कामावर गेली ती या कायद्याच्या जोरावर. त्या मजुरीतून बाबांची मॅट्रिकची फी भरली. बाबा शिकले म्हणून मी इंजिनिअर झालो. आज्जी एवढंच म्हणते, "त्या मातीच्या पाट्यांनी पोरं वाचली बाबा."

आता सांगा, उन्हात मातीच्या पाट्या वाहणारी बाई फुकटी कशी? एसीत बसून कोड लिहितो तेवढंच काय ते काम?

भ्रष्टाचाराचं काय, असं कुणीतरी विचारणारच. झाला ना. खोट्या हजेऱ्या, बोगस मस्टर, अर्धवट सोडलेले रस्ते, सगळं झालं. आज्जीच्या मुकादमानेही हात मारला असणार. पण सॉफ्टवेअरमध्ये बग निघाला म्हणून आपण युजरलाच शिव्या देतो का? बग शोधायचा असतो. आणि ज्या कल्पनेला आपण नावं ठेवतो, तीच २००५ साली केंद्राने कायदा करून देशभर नेली.

आणि कराचं रडगाणं तर गाऊच नका. या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये, १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून तेवढीच. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. एका वीकेंडचा पिझ्झा!

राहिली विधान परिषद. तिथल्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या. आपल्यापैकी किती जणांनी त्या मतदारयादीत नाव नोंदवलंय? आमच्या टेबलावर शून्य, त्यात मीही आलो. "चांगली माणसं राजकारणात येत नाहीत" म्हणणाऱ्यांनी आधी तो फॉर्म भरावा. मी या वेळी भरणार आहे.

सोमवारी लंचला हा विषय मीच काढीन. या वेळी गप्प बसणार नाही.